फ्लास्कमधली अश्वगंधा: औषधी वनस्पतींच्या पेशी वाढवायला शिकणाऱ्यांसाठी

पेशी वाढवणं हे एक काम आणि त्या पेशींकडून औषधी घटक बनवून घेणं हे दुसरं. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी ही गोष्ट पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. बहुतेकांचं पहिलं वर्ष याच घोळात जातं. रॅकवर कॅलसच्या (पानाच्या तुकड्यापासून वाढवलेल्या पेशींच्या गोळ्यांच्या) बाटल्यांची रांग लागते, सगळे खूश होतात, आणि प्रकल्प संपत आला की कुणीतरी अर्क काढून तपासतं, तेव्हा हव्या त्या घटकाचा मागमूसही सापडत नाही. पेशी मजेत वाढत होत्या, पण घटक बनवायचं त्यांना काही कारणच नव्हतं.

हा लेख इंदूरमध्ये बायोटेक, बॉटनी किंवा फार्मसी शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरातल्या ओळखीच्या घरांतून दर वर्षी एक-दोघं तरी विचारतात, "मावशी, टिश्यू कल्चरमध्ये काहीतरी औषधी करायचंय, सुरुवात कुठून करू?" त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. उदाहरण अश्वगंधेचं घेतलं आहे, कारण ती आपल्या माळव्याची आहे आणि शिकणाऱ्याला सांभाळून घेते.

पहिली पायरी: आधी घटक ठरवा, वनस्पती मागून येईल

झाड औषधी घटक सगळ्या अंगांत सारखा बनवत नाही. अश्वगंधेत विदाफेरिन-ए मुख्यतः पानांत असतं, विदानोलाइड-ए मुळांत जास्त सापडतं. मग "अश्वगंधेवर काम करायचंय" एवढं म्हणून भागत नाही. यातलं नेमकं काय हवंय?

सदाफुलीचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. कर्करोगावर वापरलं जाणारं विनब्लास्टिन बनायला कॅथॅरँथिन आणि विंडोलिन हे दोन रेणू जोडले जावे लागतात. विंडोलिनचे शेवटचे टप्पे पानातल्या खास पेशींत आणि उजेडाच्या साथीने पार पडतात. कॅलस म्हणजे मूळ नाही, पान नाही, खोड नाही, असा पेशींचा नुसता गोळा. त्यात त्या खास पेशी कुठून येणार? म्हणून सदाफुलीच्या सस्पेन्शनमधून (द्रवात तरंगत वाढणाऱ्या सुट्या पेशींतून) अजमॅलिसिन हे दुसरं द्रव्य मिळतं, कॅथॅरँथिनही मिळतं, पण विनब्लास्टिन मिळवू पाहणारे जगभर याच विंडोलिनपाशी अडले. तुमचा घटक झाडाच्या कुठल्या अंगात, कुठल्या वयात आणि उजेडात की अंधारात बनतो, हे वाचायला एक महिना गेला तरी चालेल. तो महिना पुढे सहा महिने वाचवतो.

जिथे गणित जमलं तिथे कसं जमलं तेही बघा. जपानमध्ये मित्सुई पेट्रोकेमिकल या कंपनीने १९८० च्या दशकात शिकोनिन हा लाल-जांभळा रंगद्रव्याचा घटक पेशी संवर्धनातून बाजारात आणला. तो ज्या झुडपाच्या मुळांतून मिळतो त्याला जमिनीत पाच ते सात वर्षं लागतात, आणि मुळांत त्याचं प्रमाण एक-दोन टक्के असतं. पेशींमध्ये ते त्याच्या कितीतरी पट चढलं. यातली युक्ती दोन टाक्यांची होती. पहिल्या टाकीत पेशी फक्त वाढवायच्या. दुसऱ्या टाकीत मीडिया (पेशींचं पोषक द्रावण) बदलायचा: अमोनियम काढून टाकायचं, कारण ते शिकोनिन बनणं रोखतं, नायट्रोजन फक्त नायट्रेटच्या रूपात द्यायचा आणि तांब्याचं प्रमाण वाढवायचं. वाढीचा मीडिया वेगळा, उत्पादनाचा वेगळा. सुरुवातीला जे म्हटलं त्याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

दुसरं नाव टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाचं. मूळचे नंदुरबारचे डॉ. मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मनरो वॉल यांनी १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. ते यू नावाच्या अतिशय सावकाश वाढणाऱ्या झाडाच्या सालीत असतं आणि साल काढली की झाड मरतं. पुढे ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीने मोठमोठ्या टाक्यांत यूच्या पेशी वाढवून टॅक्सॉल बनवण्याचा मार्ग धरला, आणि २००४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने त्याला हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार दिला. याच वॉल-वाणी जोडीने कॅम्पटोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्यही शोधलं होतं. ते एका चिनी झाडात सापडलं, पण आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही ते भरपूर आहे, आणि त्यापायी नरक्याची बेसुमार तोड झाली. मला या विषयाची ओढ आहे ती याच कारणाने. फ्लास्कमध्ये जे बनू शकतं त्यासाठी जंगल का तोडायचं?

यातून निवडीची कसोटी हाती येते. झाड सावकाश वाढणारं किंवा दुर्मीळ, घटक महाग, कारखान्यात रसायनांपासून बनवायला अवघड. या कसोटीवर अश्वगंधा नापास होते, हे स्पष्ट सांगते. नीमच-मंदसौरकडे ती शेतात पावसाळ्याच्या उत्तरार्धात पेरतात आणि पाच-सहा महिन्यांत मुळं काढून मंडीत आणतात. तिच्याशी फ्लास्क भावात टक्कर देऊ शकत नाही. पण हात बसवायला ती उत्तम: बी सहज मिळतं, जवाहर असगंध-२० ही जात तर मंदसौरलाच तयार झालेली आहे, रोपं लवकर येतात आणि तिच्यावरचं छापलेलं काम इतकं आहे की आपले आकडे ताडून बघता येतात. अश्वगंधेवर शिका, मग नरक्याकडे वळा.

दुसरी पायरी: जागा आणि सामान

घरी करता येईल का, असं पुष्कळ जण विचारतात. रोपं वाढवण्यापुरतं टिश्यू कल्चर लोक घरी करतात, पण इथे मेथेनॉल, कॉस्टिक सोडा, प्रेशरखालचा ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं भांडं) आणि मोजमापाची यंत्रं आहेत. हे काम संस्थेतच करा. खंडवा रोडवर तक्षशिला परिसरात देवी अहिल्या विद्यापीठाचं स्कूल ऑफ बायोटेक्नॉलॉजी आहे, १८९१ पासूनचं होळकर सायन्स कॉलेज आहे, फार्मसीची कॉलेजं आहेत. प्रकल्पाचा विषय ठरवायच्या आधी जाऊन बघा: लॅमिनार (गाळलेल्या हवेचं निर्जंतुक कामाचं टेबल) चालू आहे का, शेकर (फ्लास्क सतत फिरवत ठेवणारं यंत्र) दिवसरात्र चालवू देतात का, एचपीएलसी (अर्कातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) आहे का आणि विद्यार्थ्याला त्यावर पाळी मिळते का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मोजायची सोय नसेल तर विषय बदला.

ग्लोव्हज, सर्जिकल ब्लेड, कापूस, स्पिरिट असलं किरकोळ सामान दवा बाजारात मिळून जातं. रसायनं आणि हार्मोन्स मात्र टिश्यू कल्चर ग्रेडची, कॉलेजच्या पुरवठादाराकडूनच मागवा. साखरेबद्दल एक सूट आहे. नुसता हात बसवायला सियागंज बाजारातली साधी साखर चालते, मोजमापाच्या प्रयोगाला मात्र लॅबचं सुक्रोज घ्या.

पाणी डिस्टिल्डच हवं. नर्मदेचं नळाचं पाणी किंवा आरओचं पाणी पिण्यासाठी ठीक, मीडियात नको. त्यातलं कॅल्शियम आणि इतर क्षार तुमच्या हिशेबात नसतात.

कल्चर रूमचं तापमान २५ अंश, दोन अंश इकडेतिकडे. मे महिन्यात इंदूर चाळिशीपार जातं तेव्हा एसी बंद पडला तर दोन दिवसांत सगळं तपकिरी पडू शकतं. पावसाळ्यात उलट त्रास. हवा दमट, आणि बुरशी बाटलीच्या तोंडावरच्या कापसातून आत शिरते. जून ते सप्टेंबर कापसाच्या बोळ्यावर फॉइल गुंडाळा आणि एसीच्या जाळ्या दर आठवड्याला धुवा.

तिसरी पायरी: मीडिया

मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूसाठी बसवलेला एमएस मीडिया आजही पहिला पर्याय आहे. तयार पाकीट मिळतं, पण निदान दोनदा तरी सुट्या क्षारांपासून बनवा. लिटरला अमोनियम नायट्रेट १६५० मिलिग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट १९००, कॅल्शियम क्लोराइड ४४०, मॅग्नेशियम सल्फेट ३७०, पोटॅशियम फॉस्फेट १७०. हे हाताने वजन केलेत की पुढे "अमोनियम कमी करून बघू" म्हणताना नेमकं काय कमी करायचं ते कळेल. तयार पाकिटातून अमोनियम काढता येत नाही. कॅल्शियमचा स्टॉक फॉस्फेट आणि सल्फेटच्या स्टॉकपासून वेगळा ठेवा, एकत्र केला तर तळाशी पांढरा साका बसतो. लोहाचा स्टॉक गडद बाटलीत ठेवा, उजेडात तो बिघडतो.

साखर लिटरला ३० ग्रॅम. पीएच ५.८. पीएच आगार घालायच्या आधी लावा, आगार घातल्यावर मीटरचा इलेक्ट्रोड खराब होतो. घट्ट मीडियासाठी आगार ८ ग्रॅम.

हार्मोन्सचा हिशेब नव्यांना घाबरवतो, खरं तर तो सोपा आहे. २,४-डी हे पेशींना विभागायला लावणारं हार्मोन १० मिलिग्रॅम घ्या, सोडियम हायड्रॉक्साइडच्या थोड्या थेंबांत विरघळवा, डिस्टिल्ड पाण्याने १० मिलिलिटर करा. आता एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम आहे. लिटरभर मीडियात हे एक मिलिलिटर घातलं की लिटरला एक मिलिग्रॅम झालं. बाटलीवर नाव, प्रमाण, तारीख आणि तुमची अद्याक्षरं. बिननावाची बाटली टाकून द्या, मग त्यात काहीही असो.

ऑटोक्लेव्ह १२१ अंशांना, १५ पौंड दाबावर, १५ ते २० मिनिटं. जास्त ठेवल्याने जास्त शुद्ध होत नाही, साखर मोडते आणि मीडिया पिवळट-तपकिरी दिसू लागतो. दाब शून्यावर आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. घाईत उघडलं तर बाटल्यांतला मीडिया उसळतो आणि हात भाजतात.

चौथी पायरी: निर्जंतुक रोप

कॅलससाठी शेतातलं पान आणण्यापेक्षा बी निर्जंतुक करून बाटलीतच रोप वाढवा. बुरशीचा निम्मा त्रास इथेच संपतो.

बी वाहत्या पाण्यात अर्धा तास धुवा, नंतर ट्वीन-२० (साबणासारखं द्रव्य) चे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात हलवा. लॅमिनारमध्ये ७० टक्के अल्कोहोलमध्ये ३० सेकंद. नंतर लॅबचं सोडियम हायपोक्लोराइट पातळ करून एक-दोन टक्क्यांवर आणा आणि त्यात आठ-दहा मिनिटं बी ठेवा. शेवटी निर्जंतुक पाण्याने पाच वेळा धुवा. जुन्या वह्यांमध्ये मर्क्युरिक क्लोराइड दिसेल. ते काम चोख करतं, पण ते पाऱ्याचं विष आहे, आणि धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतण्याची आपल्याकडची सवय घातक आहे. हायपोक्लोराइटने भागतं, त्यानेच करा.

लॅमिनारमध्ये एक नियम काटेकोर पाळा. हातावर स्पिरिट लावलं की ते पूर्ण उडेपर्यंत ज्योतीजवळ हात न्यायचा नाही. तापवलेला चिमटा थेट स्पिरिटच्या ग्लासात बुडवायचा नाही, ग्लास पेट घेतो.

हार्मोन नसलेल्या अर्ध्या एमएसवर, म्हणजे क्षार निम्मे घातलेल्या मीडियावर, बी ठेवा. ते एकसारखं उगवत नाही. काही आठवड्याभरात येतं, काही तीन आठवडे घेतं, तेव्हा घाईने फेकू नका. चार-पाच आठवड्यांत कापण्यासारखी पानं मिळतात.

पाचवी पायरी: कॅलस

पान पेट्रीडिशमध्ये घ्या, कडा काढून अर्धा सेंटिमीटरचे चौकोन कापा, प्रत्येकात मधली शीर थोडी तरी येऊ द्या. ब्लेड नवं हवं. बोथट ब्लेडने पान चिरडतं, आणि चिरडलेली कड काळी पडते. तुकडे एमएसवर ठेवा, लिटरला २,४-डी एक ते दोन मिलिग्रॅम आणि कायनेटिन हे दुसरं हार्मोन ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम. ही सुरुवातीची श्रेणी आहे, तुमच्या जातीसाठी पाच-सहा जोड्या करून बघाव्या लागतील. बाटल्या अंधारात ठेवा.

पहिल्या आठवड्यात तुकडा फुगतो आणि वाकडा होतो. मग कापलेल्या कडेवर, बहुधा शिरेपाशी, खरबरीत दाणे दिसू लागतात. तीन-चार आठवड्यांत त्याचा गोळा होतो. आता चिमट्याच्या टोकाने हळूच दाबून बघा. फिकट पिवळा, ओलसर आणि भुरभुरीत असेल, चिमट्याला लागून दाणे सुटत असतील, तर तो सस्पेन्शनच्या कामाचा. हिरवा, कडक, दाबल्यावर घसरणारा गोळा दिसायला सुंदर असतो, पण द्रवात तो विरघळल्यासारखा सुटा होत नाही. नवे लोक नेमका तोच निवडतात. दर सबकल्चरला, म्हणजे पेशी ताज्या मीडियावर हलवताना, भुरभुरीत भागच पुढे न्या. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार-सहा वेळा असं केलं की हवी तशी लाइन (एकाच कॅलसपासून चालू ठेवलेल्या पेशींची मालिका) तयार होते.

तपकिरी पडत असेल तर मीडियात अस्कॉर्बिक ॲसिड घालून बघा आणि सबकल्चर आठवडाभर आधी करा. बुरशी दिसली तर बाटली उघडायची नाही, तशीच ऑटोक्लेव्हला. ऑटोक्लेव्ह केलेलं साधं आगार मात्र मातीत जिरतं. ज्या गावाच्या नावाने अल्बर्ट हॉवर्ड यांची कंपोस्टची इंदूर पद्धत जगात ओळखली जाते, तिथल्या लॅबने हे आगार कचऱ्याच्या गाडीत टाकावं हे मला पटत नाही. अँटिबायोटिक किंवा विषारी रसायन असलेलं मात्र कंपोस्टमध्ये कधीही नाही.

सहावी पायरी: सस्पेन्शन

२५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिलिटर द्रव मीडिया, म्हणजे तोच, पण आगार नसलेला. त्याहून जास्त भरू नका, पेशींना वरची हवा लागते. त्यात दोन-तीन ग्रॅम भुरभुरीत कॅलस टाका. शेकर मिनिटाला १०० ते १२० फेऱ्या. वेग फार वाढवला तर पेशी फुटतात. वनस्पतीची पेशी जिवाणूच्या मानाने प्रचंड मोठी आणि नाजूक असते.

पेशी किती घालायच्या यावर इथे सगळं अवलंबून आहे. विरजण कमी पडलं तर दूध लागत नाही, तसंच हे. ठराविक दाटपणाच्या खाली पेशी विभागायलाच लागत नाहीत, कारण त्या एकमेकींनी मीडियात सोडलेल्या द्रव्यांवर चालतात. सबकल्चर करताना जुन्या सस्पेन्शनचा एक भाग आणि नव्या मीडियाचे चार भाग हे प्रमाण सुरुवातीला धरा. दहा ते चौदा दिवसांनी, वाढ जोरात असतानाच, पुढच्या फ्लास्कमध्ये न्या. वाढ थांबल्यावर नेलं तर पहिला आठवडा पेशी नुसत्या बसून राहतात. सुरुवातीच्या दोन-तीन सबकल्चरमध्ये स्टीलच्या जाळीतून गाळून मोठे गोळे काढून टाका.

वनस्पतीच्या पेशींना दुप्पट व्हायला साधारण दोन ते चार दिवस लागतात, जिवाणूंना अनुकूल स्थितीत २० ते ३० मिनिटं. एक जिवाणू शिरला की शर्यत संपली. मीडिया दुधाळ दिसला, आंबूस वास आला किंवा हलवल्यावर रेशमासारख्या लाटा दिसल्या तर एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघा. प्रत्येक लाइनचे निदान तीन फ्लास्क ठेवा, आणि तिन्ही एकाच दिवशी एकाच हाताने सबकल्चर करू नका. मूळ कॅलसच्या बाटल्याही चालू ठेवा.

आणखी एक, खास आपल्याकडचं. गणपती, दिवाळी आणि रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच सबकल्चरच्या तक्त्यावर मांडा. रंगपंचमीला गाव बंद असतं, राजवाड्याकडून लॅब गाठणं अशक्य होतं. शेकर थांबला तर पेशी तळाशी बसतात आणि काही तासांत हवेवाचून गुदमरू लागतात. सुट्टीत जे अटेंडंट काका येणार असतील त्यांना शेकर कसा सुरू करायचा ते आधी प्रत्यक्ष दाखवा, नंबर लिहून ठेवा.

सातवी पायरी: मुळं वाढवायची का?

विदानोलाइड-ए हवं असेल तर पेशींच्या गोळ्यापेक्षा मूळच वाढवणं शहाणपणाचं. आकार आला की रसायनंही येतात. याचे दोन मार्ग आहेत.

पहिला साधा. पानाचे तुकडे अर्ध्या एमएसवर, लिटरला अर्धा ते दोन मिलिग्रॅम आयबीए (मुळं फुटवणारं हार्मोन) घालून ठेवा. कडेतून थेट मुळं फुटतात. ती कापून द्रव मीडियात, शेकर थोडा हळू, ८० ते १०० फेऱ्या. चार-सहा आठवड्यांत फ्लास्क पांढऱ्या मुळांच्या जाळ्याने भरतो. कोरियात जिनसेंगची अशीच मुळं हजारो लिटरच्या टाक्यांत वाढवतात. नव्यांनी हाच मार्ग घ्यावा.

दुसरा हेअरी रूटचा, म्हणजे केसाळ मुळांचा. ॲग्रोबॅक्टेरियम रायझोजिनिस हा जिवाणू आपल्या प्लाझ्मिडमधले (डीएनएच्या छोट्या वेटोळ्यातले) जनुक झाडाच्या पेशीत घालतो आणि जखमेतून बारीक, भराभर फांद्या फुटणारी मुळं येतात. त्यांना हार्मोन लागत नाही. जिवाणूसोबत दोन दिवस ठेवल्यावर सेफोटॅक्सिम या अँटिबायोटिकने तो मारायचा, आणि मुळं खरोखर बदललेली आहेत हे पीसीआरवर (जनुक आहे का ते तपासणाऱ्या चाचणीत) रोल-बी जनुकाने सिद्ध करायचं. जिवाणू पूर्ण गेला का, हे जिवाणूतच राहणारं विर-डी जनुक न दिसण्यावरून कळतं. हे जनुकीय बदलाचं काम आहे, म्हणून संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला विचारल्याशिवाय सुरू करू नका.

आठवी पायरी: मोजा, आणि पहिल्या महिन्यापासून मोजा

एकाच दिवशी, एकाच सस्पेन्शनमधून २४ फ्लास्क लावा. दर तीन दिवसांनी तीन फ्लास्क उचला. गाळा, ओलं वजन घ्या, ५०-६० अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, सुकं वजन घ्या. ओल्या वजनावर विसंबू नका, पाण्याने फुगलेल्या पेशी वजनदार दिसतात. गाळलेला मीडियाही टाकू नका. काही घटक पेशींतून बाहेर सुटतात आणि तिथेच सापडतात.

सुकी पूड मेथेनॉलमध्ये काढा, धूर-कपाटात. आधी टीएलसी (पातळ थराच्या पट्टीवर घटक वेगळे करणं), शेजारी हव्या त्या घटकाच्या शुद्ध नमुन्याचा ठिपका. दिसलं तर एचपीएलसी. विदानोलाइडसाठी २२७ नॅनोमीटरवर बघतात. शुद्ध नमुना महाग असतो, तरी तो घ्यावाच लागतो. त्याच्याशिवाय ग्राफवरचं शिखर तुमच्या घटकाचंच आहे असं म्हणता येत नाही.

आता हिशेब. समजा लिटरला १० ग्रॅम सुकं वजन आलं, ग्रॅमला २ मिलिग्रॅम घटक निघाला आणि २० दिवस लागले. म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम, दिवसाला एक मिलिग्रॅम. दुसऱ्या मीडियात ग्रॅमला ४ मिलिग्रॅम निघाला, पण सुकं वजन फक्त ३ ग्रॅम आलं, तर लिटरला १२ मिलिग्रॅमच. टक्केवारी दुप्पट होऊनही तुम्ही तोट्यात आहात. प्रत्येक निकाल लिटरला आणि दिवसाला किती, याच भाषेत लिहा.

वाढीचा आलेख आणि घटकाचा आलेख एकाच कागदावर काढा. पुष्कळदा घटक वाढ मंदावल्यावर चढतो. त्या वळणापाशी पेशींना धक्का द्यायचा. मिथाइल जास्मोनेट, सॅलिसिलिक ॲसिड, कायटोसन, यीस्टचा अर्क या गोष्टींनी पेशीला हल्ला झाल्यासारखं वाटतं आणि ती बचावाची रसायनं बनवू लागते. मिथाइल जास्मोनेट ५० ते २०० मायक्रोमोलरच्या दरम्यान तपासा, अल्कोहोलमध्ये विरघळवून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून घाला. तुलनेच्या फ्लास्कमध्ये तेवढंच नुसतं अल्कोहोल घालायला विसरू नका, नाहीतर परिणाम कशाचा ते कळणार नाही. हे वाढीच्या सुरुवातीलाच घातलं तर वाढ खुंटते. वाढ झाल्यावर घाला, मग दर २४ तासांनी नमुना घ्या.

वर्षभराने घटक उतरू लागला तर दचकू नका. सतत सबकल्चर होणाऱ्या पेशी बदलत जातात. म्हणून दर सहा महिन्यांनी जुनी लाइन मोजा आणि नव्या पानापासून एक ताजी लाइन सुरू ठेवा.

परवानग्या आणि एक सक्त सूचना

फ्लास्कमधला अर्क कुणालाही खायला-प्यायला द्यायचा नाही. त्यात २,४-डी असतं, जे शेतात तणनाशक म्हणून फवारतात. आजीच्या गुडघ्यांसाठी अश्वगंधा हवी असेल तर वैद्यांना विचारा.

धंद्याचा विचार सुरू झाला की २००२ चा जैवविविधता कायदा लागू होतो. २०२३ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या आहेत, तेव्हा जुनी माहितीपत्रकं बघू नका. मध्य प्रदेश राज्य जैवविविधता मंडळ भोपाळला आहे, पेटंटच्या बाबतीत चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाशी संबंध येतो. बी कुठून, कधी, कुणाकडून आणलं ते पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा.

पिथमपूरच्या एखाद्या औषध कंपनीकडे काम दाखवायला जाल, तेव्हा रंगीत फोटोंपेक्षा तीन आकडे सोबत न्या: लिटरला दिवसाला किती घटक, किती सबकल्चरपर्यंत ते प्रमाण टिकलं, आणि फ्लास्कमधून पाच लिटरच्या बायोरिॲक्टरमध्ये (पेशी वाढवायच्या टाकीत) नेल्यावर त्यात किती घट झाली. तिसरा आकडा अजून नसेल तर आधी तो प्रयोग करा. पाच लिटरच्या भांड्यात हवा खालून बुडबुड्यांनी द्यावी लागते, पेशी भिंतीला चिकटतात, फेस येतो, आणि शेकरवर न दिसलेल्या अडचणी पहिल्या आठवड्यातच समोर येतात.